बाजेखालचा हात

हे तुम्ही बहुतेक मोबाईलवरच वाचत असाल. असू द्या. मी कोण तुम्हाला बोलणारी! पण एक करा. गॅसवर काही ठेवलं असेल तर आधी ते बघून या. घरात तान्हं असेल तर ते कुठे आहे तेही बघून या. मी थांबते.

मी किन्हवलीजवळच्या एका गावातली. वय सत्तेचाळीस. दहावी पास. आमच्या बचत गटात वाचायचं-लिहायचं काम माझ्याकडेच असायचं, म्हणून हे जमतंय. माझ्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही लिहा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल." होईल का ते मला ठाऊक नाही. मला तरी अजून झालेला नाही. बरी होऊन लिहिणारी माणसं वेगळी. मी अजून अर्धीमुर्धी आजारीच आहे. "आणि मग सगळं छान झालं" असं शेवटी काही येणार नाही, हे आत्ताच सांगते. तसलं वाचायचं असेल त्यानं इथंच थांबावं.

पोरीनंच दिला

मोबाईल मला माझ्या मुलीनं दिला. सोनाली, माझी एकुलती एक. तिला सरळगावच्या पुढं, मुरबाड तालुक्यात दिली. एसटीनं काही लांब नाही, पण लेकीच्या सासरी उठसूट जायचं कसं? निमित्त लागतं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं आपला जुना मोबाईल पदरानं पुसून माझ्या हातात ठेवला.

"आई, तुला करमायचा नाय. हा घे. रोज तोंड तरी बघता येल."

तिचे बाबा आसनगावच्या बाजूला कारखान्यात कामाला. सकाळी साडेसहाला घर सोडतात ते संध्याकाळी येतात. मधल्या अख्ख्या दिवसात घरात मी, एक गाय, सहा कोंबड्या आणि तो मोबाईल.

आधी खरंच फक्त सोनालीशीच बोलायचे. मग तिनंच एकदा रांगोळीचा व्हिडिओ पाठवला. तो बघितला. बोट वर सरकलं तर खाली दुसरा. त्याच्याखाली तिसरा. कुणाचं केळवण, कुणाचं भांडण, कुणी बटाट्याची साल काढतंय, कुणाची सासू रडतेय. मला त्यातलं काही हवं होतं असं नाही. पण पुढचं काय असेल, एवढंच वाटत राहायचं. इकडे तव्यावर भाकरी करपायची. करपली की कोंबड्यांना टाकायची आणि दुसरी थापायची. त्या वर्षी आमच्या कोंबड्या फार चांगल्या पोसल्या गेल्या.

लावणीच्या दिवसांत मी मोबाईल दुधाच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचायचे. बांधावर पाणी प्यायला म्हणून जायचे आणि मागं भाताच्या रोपांची मूठ तशीच पडलेली असायची. शेजारची मंदा, माझ्याच वयाची, लग्न होऊन आले तेव्हापासूनची मैत्रीण, ती चिडायची.

"काय गो, मी बोलते इथं नि तू बघतेस कुठं?"

"अगो, ऐकते ना. बोल तू."

"काय बोलले सांग."

मला सांगता यायचं नाही. मग ती उठून जायची आणि मला, खरं सांगते, बरं वाटायचं.

सगळ्यात वाईट ते वेगळंच आहे. सोनालीचा फोन वाजला की चालू व्हिडिओ बंद पडायचा आणि मला राग यायचा. जिचं तोंड बघायला मोबाईल घेतला, तिचाच फोन नकोसा झाला. "हां हां, बरी आहे गो, कामात हाय," असं म्हणून मी ठेवून द्यायचे. पोरीला वाटायचं, आई किती राबते.

हा आजार आहे असं मला वाटलं नाही. आमच्याकडे आजार म्हणजे ताप, कावीळ, नाहीतर सापविंचू. अंग कुठे दुखत नव्हतं. मान तेवढी धरायची, तिला बाम होता.

शेक

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून सोनालीला घरी आणली. तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन बजावलं, "मावशी, बाजेखाली विस्तव ठेवायचा नाही हं. गरम पाण्याची पिशवी बस झाली."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बघू.

आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. सुंभाची बाज, तिच्याखाली घमेल्यात निखारे, वर ओवा-शेपाची चिमूट. वरती बाळंतीण नि पोर. माझ्या सासूनं मला असंच शेकलं होतं. शेकाचा एक नियम तिनं मला शिकवला होता, आणि ती तो देवाच्या शपथेसारखा पाळायची. शेक द्यायला बसलेल्या बाईचे दोन्ही हात तिचे नसतात. एक हात बाजेखाली, पालथा, सुंभाला लावून. त्या हाताला चटका बसला की घमेलं ओढायचं. दुसरा हात वर पोरावर. शेक होईपर्यंत उठायचं नाही, दारात कोण आलं तरी वळून बघायचं नाही.

सोनाली म्हणाली, "आई, सिस्टर नको बोलली ना?"

"सिस्टरला काय कळतंय? मला शेकली नसती तर आज मी उभी ऱ्हायली नसती. गप पड."

म्हणजे हट्ट माझाच. हे मोबाईलवर ढकलता येत नाही, आणि मी ढकलणारही नाही.

आठ दिवस मी नियमानं बसले. आठ दिवस माझ्या डाव्या हाताची पाठ लाल व्हायची. नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी घमेलं बाजेखाली सारलं, सोनाली कुशीवर झाली, तिला झोप लागली, पोरगंही झोपलं. घर अगदी शांत. मोबाईल खिडकीत होता. म्हटलं, पोरावरचा हात काढला तर काय होतंय, झोपलंय ते. मग एका हातानं मोबाईल नीट धरता येईना, म्हणून बाजेखालचा हातही काढला.

काय बघत होते ते विचाराल तर लाज वाटते. कुठलासा एक माणूस साबणाची वडी सुरीनं कापत होता. बस्स. बारीक बारीक तुकडे पडत होते. बोलत नव्हता, काही सांगत नव्हता. एक वडी संपली की दुसऱ्या रंगाची घेत होता.

वास आला तेव्हा मला वाटलं, ओवा जळतोय.

गोधडीचं एक टोक बाजेवरून खाली लोंबत होतं. नेहमी बसायच्या आधी ते मी वर खोचायचे. त्या दिवशी खोचलं नव्हतं. सोनालीची किंकाळी आली तेव्हा मी मान वर केली, तर सुंभ पेटला होता, तिच्या पाठीकडचं लुगडं पेटलं होतं. मी उभी राहिले. हातात मोबाईल तसाच. मंदा ओरडा ऐकून दारात आली होती. माझी पोर पेटत्या लुगड्यानिशी उठली, बाळ उचललं, माझ्या समोरून, अगदी माझ्या अंगाला घासून गेली आणि बाळ मंदाच्या हातात दिलं.

मी जवळ होते. मंदा लांब होती.

मंदानं बाळ ओट्यावर ठेवलं आणि पाण्याचा हंडा सोनालीवर रिकामा केला. मी काय केलं ते मला आठवत नाही. मंदा म्हणते, तू मोबाईल खिडकीत ठेवायला गेलीस.

सकाळी नऊ

तालुक्याहून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोनालीची पाठ आणि डावी मांडी भाजली होती. बाळाचा डावा पाय, घोट्याखाली. कागदावर "सोनाली यांचे बाळ" एवढंच लिहिलं, कारण बारसं व्हायचं होतं.

दवाखान्यातला दिवस सकाळी नऊला सुरू व्हायचा, कारण नऊला ड्रेसिंग. आठ वाजल्यापासून सोनाली भिंतीकडे तोंड करून पडायची. ट्रॉलीच्या चाकाचा आवाज वॉर्डाच्या त्या टोकाला आला की तिचे पाय आखडायचे. दहाला संपायचं. मग चहा. मग मी कपडे धुवायचे, डबा आणायचे, पोराच्या खोलीच्या काचेतून बघून यायचे आणि तिला सांगायचे, "दूध प्याला." ती उत्तर द्यायची नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पोटभर खाल्ल्या असत्या. पण ती मला काहीच बोलली नाही.

विहीणबाई आल्या. मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, मारा मला. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ द्या. आमी बघू तिचा." त्या दिवसापासून डबा त्यांच्याकडून यायला लागला.

पाचव्या दिवशीची गोष्ट. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाकावर मी बसले होते. आतून माझ्या पोरीचं ओरडणं येत होतं. "आई गं" म्हणत होती. माणसाला दुखलं की तो आईच म्हणतो, त्यात मी असेन असं नाही. आणि माझा हात कमरेला गेला, मोबाईल बाहेर आला आणि अंगठा सरकायला लागला. आवाज बंद ठेवला होता. तेवढी अक्कल शिल्लक होती.

एक सिस्टर ट्रे घेऊन चालली होती. ती माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, आता ही कानाखाली देणार.

"मावशी, आत तुमचीच मुलगी ना?"

"हो."

"मग हे काय बघताय?"

मी बघितलं. एक कुत्रं पाण्यात उडी मारत होतं. आतून पुन्हा किंकाळी आली. तरी माझा अंगठा त्याच्यावरच. मग माझ्या तोंडून जे निघालं ते त्या सगळ्या दिवसांतलं पहिलं खरं वाक्य होतं.

"सिस्टर, माझ्याच्यानं बंद होत नाय."

तिनं ट्रे बाजूला ठेवला आणि माझ्याशेजारी बसली. कामाच्या घाईत दोन मिनिटं बसली. त्या दवाखान्यात मला कुणी माणूस म्हणून वागवलं ते त्या दोन मिनिटांत. जाताना म्हणाली, "उद्या माझ्यासोबत सात नंबरला यायचं. नाही म्हणायचं नाही."

सात नंबर

सात नंबरच्या दारावर "मानसोपचार" लिहिलं होतं. मी पदर तोंडावर ओढला. म्हटलं, घ्या, एवढंच राहिलं होतं. गावात कळलं तर पोर जाळणारी बाई आता वेडीही झाली म्हणतील.

डॉक्टरबाई माझ्या सोनालीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं भाजण्याचं आधी विचारलंच नाही. मोबाईल टेबलावर ठेवायला सांगितला आणि घरची, गाईची, भाताची चौकशी करत बसली. मला वाटलं, हिला वेळ बराच आहे. बोलता बोलता ती कागदावर रेघा ओढत होती. शेवटी कागद माझ्याकडे फिरवला. चौदा रेघा.

"बोलताना तुम्ही इतक्या वेळा मोबाईलकडे बघितलंत. तो वाजला एकदाही नाही."

मी म्हटलं, "हा आजार हाय का वो? का मीच हलकट?"

ती म्हणाली, "याला नाव काय द्यायचं यावर डॉक्टरांमध्ये वाद आहेत. पण थांबायचं ठरवूनही तुमचा हात थांबत नाही. मला तेवढं पुरेसं आहे. यावर इलाज करू."

मला एकदम हलकं वाटलं. डोक्यावरची भरलेली पाटी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं. आणि बाहेर येऊन दोन पावलं चालले तोच त्या हलकं वाटण्याचीच शरम वाटली. आजार म्हटला की दोष गेला? भिंतीपलीकडे पोरगी पालथी पडली होती. तिला काय सांगू, की अगो, मी नाय केला, माझ्या आजारानं केला?

तिच्या बाबांना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरा शोधून काढलास. पोरगी भाजली नि आजारी तू?"

चूक काय बोलले? काहीच नाही. फक्त ते बोलताना त्यांचाही अंगठा मोबाईलवर होता. मॅच चालली होती.

अंगठा

सोनाली आणि बाळ दवाखान्यातून थेट सासरी गेले. बारसं तिकडेच झालं. रुद्र नाव ठेवलं, हे मला मंदाकडून कळलं. कुंची मी शिवून ठेवली होती, ती पेटीत आहे. माझा मोबाईलही त्याच पेटीत गेला, किल्ली तिच्या बाबांच्या खिशात. मला बटणांचा साधा फोन मिळाला.

पहिले तीन आठवडे मी जनावर झाले होते. दात खाऊन बोलायचे. गोळ्यांनी तोंड कडू. डॉक्टरबाईंनी एक वही दिली होती. मोबाईल बघावासा वाटला की एक रेघ ओढायची, बाकी काही करायचं नाही. पहिल्या दिवशी तीन पानं भरली. पीठ मळताना अंगठा सरकायचा. गाईच्या पाठीवर हात फिरवताना अंगठा वरच जायचा. गाय बिचारी वळून बघायची.

घरात आम्ही दोघं, आणि बोलायचं काय? तिचे बाबा सोनालीशी बोलायला मागीलदारी जायचे. मी चुलीपाशी बसून आवाजावरून ओळखायचे, आज पाय दुखतोय का नाही. एक दिवस ते कामावरून आले आणि कुणी न सांगता आपला मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. म्हणाले, "जेवण व्हईपर्यंत ऱ्हाऊ दे तिथं." तेव्हापासून रोज तसंच करतात. जेवताना फक्त ताटांचा आवाज येतो. पण येतो.

भोंगा

गावात बोभाटा झालाच होता. ग्रामसभेत विषय निघाला की मोबाईलचं काहीतरी करायला हवं. वरातीमागून घोडं. पण मी गेले.

गुरुजी म्हणाले, घरच्यांनी लक्ष द्यायला हवं. एक जण उठला, "घरच्यांनी काय लक्ष देवाचा? शालाच मोबाईलवर अभ्यास पाठवते." दुसरा म्हणाला, सरकारनं कायदा करावा. तिसरा म्हणाला, कंपनीवाल्यांना धरा. चौथा म्हणाला, बायकांना दिलाच कशाला मोबाईल? यावर पुष्कळ हसले. मग ठरलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायचा आणि एक तास सगळ्यांनी मोबाईल बंद ठेवायचा.

मला राहवलं नाही. उठले.

"घमेला मी ठेवला. हात मी काढला. माझा गुन्हा माझा, तो मी कुणाला देत नाय. पन जो व्हिडिओ कधी संपूच नये असा करून ठेवतो, तो पन कुठंतरी बसलाय ना? त्याला कोन विचारतो? नि वरीसभर माझी भाकर करपत व्हती, तिचा वास तुमच्या घरात येत नव्हता? कोन बोलला मला? एकटी मंदा बोलली, तर मी तिला उठवून लावली. आता एकमेकाच्या अंगावर कशाला ढकलता? जो कोन बाजेजवळ बसला असंल त्यानं हात घालावा. सगळ्यांनी घालावा."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, ऐकलं बाई लोकांनी. दोन दिवसांनी मंदा आली. "अगो, तुझा व्हिडिओ फिरतोय. पार शहापुरापर्यंत गेलाय." मी बोलत होते तेव्हा गप्प बसलेले लोक मला मोबाईलवर घेत होते. मला बघून कुणीतरी बोट वर सरकवलं असेल आणि माझ्याखाली साबण कापणारा आला असेल.

भोंगा अकरा दिवस वाजला. वाजवणाऱ्याला वेळ लक्षात राहावी म्हणून त्यानं मोबाईलात गजर लावला होता.

सरळगाव

दर मंगळवारी तपासणीला जायचे. सहा महिने झाले, वहीत दिवसाला पाच-सहाच रेघा उरल्या. डॉक्टरबाईंनी शाबासकी दिली. मला वाटलं, आता सोनालीला सांगावं. त्याच दिवशी परतताना शहापूरहून मुरबाडच्या एसटीत बसले. माझ्या पुढच्या सीटवर एक कॉलेजची मुलगी. तिच्या खांद्यावरून तिचा मोबाईल दिसत होता. एक बाई केकवर साखरेची फुलं काढत होती. म्हटलं, एकच.

कंडक्टरनं हाक मारली तेव्हा एसटी सरळगावला उभी होती. किन्हवली कधीच मागे गेलं होतं.

मी उतरले. ऊन चांगलंच होतं. तिथून सोनालीचं घर जीपनं वीस मिनिटं. जीप उभी होती, दोन सीट रिकाम्या. ड्रायव्हर म्हणाला, "चला मावशी, एक सीट." माझा नातू वीस मिनिटांवर होता. तेव्हा तो रांगायला लागलेला होता. पण दारात उभी राहून सांगू काय? कशी आलीस आई, असं तिनं विचारलं तर? दुसरीच्या मोबाईलात बघत बसले आणि पुढं आले, हे? मी खोटं बोलू शकले असते. पण तिच्याशी आता खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. एवढं एकच ठरवलेलं माझ्याच्यानं पाळलं गेलं आहे.

उलट्या एसटीनं घरी आले. वहीत रेघ ओढली नाही. पान फाडून चुलीत टाकलं.

रविवार, दुपारी चार

रुद्र सव्वा वर्षाचा झाला तेव्हा सोनालीनं आपणहून निरोप धाडला, "आईला बोलायचा असंल तर रविवारी बोलंल." ती इकडे येत नाही. तिच्या पाठीची कातडी अजून ओढते, एसटीचे धक्के सोसत नाहीत, असं ती म्हणते. मी तिकडे यावं असं ती म्हणत नाही. डॉक्टरबाईंनी परवानगी दिली, दहा मिनिटं, तिच्या बाबांच्या मोबाईलवर, ते शेजारी बसून.

सव्वा वर्षानं मी मोबाईल हातात घेतला. त्यात माझा नातू. गाल अगदी सोनालीचे. मी नुसती रडत राहिले आणि तो माझ्याकडे टकामका बघत राहिला.

सोनाली मोबाईल त्याच्या छातीपर्यंतच धरते. पाय कधी दाखवत नाही. तो पळाला तरी ती मोबाईल खाली नेत नाही, भिंत दाखवते. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटली आहेत, हे मला तिच्या बाबांनी सांगितलंय. कसा चालतो ते मी पाहिलेलं नाही. मी बघू नये म्हणून ती किती जपते! एवढी माया अजून तिच्यात आहे, याचंच मला जास्त लागतं.

तो बोलायला लागला. तिकडच्या आजीला "आजी" म्हणतो. मला "मोबाईलमधली आजी". सोनालीला हसू आलं, मग तिनं ते आवरलं. मी म्हटलं, "बरोबर बोलतो गो तो. हुशार हाय."

आता जे लिहितेय ते मी डॉक्टरबाईंनाही सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वीच्या रविवारी रुद्र मला लाकडाचा बैल दाखवत होता. "आजी, बयल. आजी, बयल." तेच तेच. चार मिनिटं झाली असतील. मी बघत होते, हसत होते. आणि माझा अंगठा काचेवर गेला आणि वर सरकला.

काही झालं नाही. फोन तसा सरकत नाही. रुद्र तिथंच होता, बैल घेऊन. तिच्या बाबांनाही दिसलं नाही, ते त्याच्याकडेच बघत होते. पण मला कळलं. माझा नातू समोर होता आणि माझ्या हाताला पुढचं काहीतरी हवं होतं.

पुढच्या रविवारी मी सोनालीला म्हटलं, "रुद्रला बाजूला पाठव. तुझ्याशी बोलायचाय." आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "आजपासून असा फोन नको करूस. मला तो यात नको दिसायला. यात दिसला तर एक दिवस तो पन मला बाकीच्या व्हिडिओसारखाच वाटंल. तुला कधी वाटला तर तू घेऊन ये. नाय वाटला तर नको आणूस."

मागं रुद्रचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आई, मंग तो तुला वळखंल कसा?"

"नाय वळखणार," मी म्हटलं.

"बघते," म्हणाली, आणि फोन ठेवला. त्याला आठ रविवार झाले.

ती बाज मंदाच्या नवऱ्यानं पुन्हा विणून दिली. नवा सुंभ आहे, जळका लाकडी पाय तसाच आहे. रविवारी चार वाजले की मी तिच्याशेजारी जमिनीवर बसते. डावा हात बाजेखाली, पालथा, सुंभाला लावून. उजवा वर, रिकाम्या गोधडीवर. खाली विस्तव नाही, वर कुणी नाही. अर्धा तास बसायचं, उठायचं नाही, दारात कोण आलं तरी वळून बघायचं नाही. तिचे बाबा येऊन बघून जातात.

परवाच्या रविवारी उजव्या हाताचा अंगठा गोधडीवर नऊ वेळा सरकला. मोजला मी. डावा हात मात्र हलला नाही.